भाड्याची कबर आणि 60 लाख विटा

मावशी एप्रिलअखेर कोपनहेगनला आली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, चल, तुला चेरीचा बहर दाखवते. ती लगेच तयार. शहरातल्या बिस्पेबियर्ग भागातल्या एका फाटकातून आत शिरलो, गुलाबी फुलांनी दोन्हीकडून झाकलेला रस्ता समोर दिसला आणि तिचं लक्ष बाजूच्या ठेंगण्या कुंपणापलीकडे गेलं. ओळीने दगड. दगडांवर नावं आणि सालं.

"अगं, हे स्मशान आहे की!"

"हो."

"मग आधी सांगायचं नाहीस? मी डबा घेऊन आलेय."

मला खरंच सुचलं नव्हतं. इथे काही वर्षं काढली की स्मशान ही संध्याकाळी चक्कर मारायची जागा होऊन जाते. त्या दिवशीही दोन बायका बाबागाड्या ढकलत, हातात कॉफीचे कप घेऊन चालल्या होत्या आणि एक आजोबा नळावर झारी भरत होते. मावशी दिवसभर प्रश्न विचारत राहिली. तिला मी जे सांगितलं, आणि जे नंतर नीट वाचून घेतलं, ते इथे एकत्र मांडते आहे.

सुरुवात शब्दापासून. डॅनिश लोक स्मशानाला 'किर्केगोर' म्हणतात. किर्के म्हणजे चर्च, गोर म्हणजे अंगण, वाडा. चर्चचं अंगण. तत्त्वज्ञ सोरेन किर्केगोर यांचं आडनाव म्हणजे हाच शब्द, फक्त जुन्या धाटणीने लिहिलेला. शब्दात मरणाचा उल्लेखही नाही. जुन्या खेड्यांत खरोखर तसंच असे. मध्ये पांढऱ्या चुन्याचं चर्च, भोवती दगडी भिंत आणि त्या दोहोंच्या मध्ये गावातली गेलेली माणसं. शहरं वाढली तसं हे अंगण पुरेना. मग कोपनहेगनने 1760 साली वेशीबाहेर एक जादा स्मशान काढलं. त्याचं नावच 'असिस्टेन्स', म्हणजे मदतीचं. आज ते शहराच्या अगदी मध्यात आलंय. परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन, किर्केगोर आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तिथेच आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांच्या शेजारी लोक सतरंजी टाकून पुस्तकं वाचत पडलेले असतात.

बिस्पेबियर्गचं स्मशान त्या मानाने नवं, 1903 चं. ते चर्चचं नाही, महापालिकेचं आहे. चर्चचं अंगण म्हणायचं तर इथे अंगण आधी झालं आणि ज्याला सगळे बघायला येतात ते चर्च नंतर.

ते चर्च टेकडीवर आहे. स्मशानातून चालत गेलं की झाडांच्या वर एक पिवळा, पायऱ्यापायऱ्यांचा उंच माथा दिसायला लागतो. मावशी म्हणाली, "हे काय, ऑर्गनच्या नळ्या उभ्या केल्यात का?" तिने चर्चचा ऑर्गन फक्त चित्रात पाहिला असेल, पण बोलली ते बरोबर. दर्शनी भिंत पाहून पुष्कळांना हेच आठवतं.

चर्चचं नाव ग्रुंटविग चर्च. ग्रुंटविग (1783 ते 1872) हे पाद्री, कवी, स्तोत्रकार आणि शिक्षणाचा वेगळा विचार करणारे गृहस्थ. परीक्षा नसलेली, शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठीची लोकशाळा ही कल्पना त्यांची. अशी पहिली शाळा 1844 साली र्‍योडिंग या गावी सुरू झाली, आणि या शाळा आजही चालू आहेत. डॅनिश चर्चच्या आत्ताच्या स्तोत्रसंग्रहात 791 स्तोत्रं आहेत. त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश ग्रुंटविगनी लिहिलेली किंवा नव्याने बांधलेली. म्हणजे इथला कुणीही माणूस, देवाला मानो न मानो, लग्नाला किंवा मयताला गेला की ग्रुंटविग गाऊन येतोच.

अशा माणसाचं स्मारक कसं करायचं? 1913 साली स्पर्धा झाली. पुतळा उभारता आला असता. पण पी. व्ही. येन्सन-क्लिंट या वास्तुकाराने वेगळंच काही सुचवलं. तो खेड्यापाड्यांतली जुनी चर्चं बारकाईने पाहिलेला माणूस. इकडच्या खेड्यातल्या चर्चच्या भिंतीचा त्रिकोणी माथा सरळ उतरता नसतो, पायऱ्यापायऱ्यांचा असतो. येन्सन-क्लिंटने तोच माथा घेतला, एकाला एक जोडून तीन केले आणि आभाळाएवढे ताणले. जो माणूस आयुष्यभर सामान्य लोकांबद्दल बोलला, त्याच्यासाठी खेड्यातलंच चर्च, पण महामंदिराच्या मापाचं. मला तरी ही कल्पना पुतळ्यापेक्षा कितीतरी सरस वाटते.

पायाचा दगड ग्रुंटविगच्या वाढदिवशी, 8 सप्टेंबर 1921 रोजी बसवला. आधी मनोरा झाला आणि 1927 पासून त्यातच प्रार्थना होऊ लागल्या. 1930 साली येन्सन-क्लिंट वारला. पुढचं काम मुलगा कोर क्लिंट याने हातात घेतलं. पूर्ण चर्च खुलं झालं ते 1940 साली, पुन्हा 8 सप्टेंबरलाच. तेव्हा देश जर्मनांच्या ताब्यात जाऊन पाच महिने झाले होते.

आता विटा. या इमारतीत सुमारे 60 लाख पिवळ्या विटा आहेत. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा काही दिसतच नाही, म्हणजे बघायला असं काही सापडत नाही. रंग नाही, सोनं नाही, भिंतीवर चित्रं नाहीत, खिडक्यांत रंगीत काचा नाहीत. जमीन विटांची, खांब विटांचे, 22 मीटर उंचावरच्या कमानी विटांच्या, धर्मोपदेशाचा मंच विटांचा, वेदीसुद्धा विटांची. गिलावा कुठेच नाही.

मग डोळे सरावतात. मावशी एका खांबाजवळ गेली आणि तिने तळवा ठेवला. आपल्याकडची वीट हाताला खरखरीत लागते, तिची भुकटी बोटांना येते. ही गुळगुळीत होती, घोटलेल्या पाटीसारखी. आतल्या भागातल्या विटा मुद्दाम घासून सपाट केलेल्या आहेत. खांब वर चढत जातो तसा एका विटेवर दुसरी थोडी पुढे सरकते, तिच्यावर तिसरी, आणि बघता बघता त्याची कमान होते. कमानीसाठी म्हणून घडवलेला कोरीव दगड नाही. वीट तीच. फक्त ठेवण्याची पद्धत बदलली. युरोपातल्या मध्ययुगीन, गॉथिक धाटणीच्या कॅथेड्रलमध्ये कोरीव काम जे करतं ते इथे चुन्याच्या सांध्यांच्या रेषा करतात. उंच, अरुंद खिडक्यांतून साधा उजेड येतो आणि दिवस सरकतो तसा त्याच पिवळ्या भिंतीचा रंग सायीपासून मधापर्यंत बदलतो.

सगळं विटांचं म्हटल्यावर खुर्च्या तेवढ्या लाकडाच्या उरतात. त्या कोर क्लिंटच्या, 1936 च्या. इथे लांब बाकं नाहीत, सुट्या खुर्च्या आहेत. बीच लाकडाची चौकट आणि बसायला समुद्रगवताच्या दोरीची वीण. मावशीने खाली वाकून ती वीण बघितली आणि म्हणाली, "ही तर सुंभाची बाज." खुर्चीच्या पाठीमागे एक खाचेची फळी असते. मागच्या माणसाने आपलं स्तोत्राचं पुस्तक तिच्यात ठेवायचं. भिंतीवर लाकडी पाटी असते आणि तिच्यावर आज कुठल्या क्रमांकाची स्तोत्रं म्हणायची ते आकडे लावलेले असतात. नवख्याला हॉटेलातल्या टोकन नंबरची आठवण होईल.

बाहेर आल्यावर चर्चभोवतीची घरं नक्की पाहा. तीही त्याच पिवळ्या विटेची आणि त्याच वास्तुकाराने आखलेली आहेत. म्हणून चर्च मध्येच उगवल्यासारखं वाटत नाही. आपल्याच गल्लीच्या टोकाला उभं असल्यासारखं वाटतं. (विटांऐवजी पांढरं काँक्रीट हवं असेल तर शहराच्या वायव्येला बॅग्सवेर्डचं 1976 चं चर्च पाहावं. सिडनी ऑपेरा हाउसवाल्या यॉर्न उट्झॉनचं. बाहेरून ते गोदाम वाटतं, आत छत ढगांसारखं वळत जातं. पण त्याला स्वतंत्र दिवस द्या.)

डॅनिश राष्ट्रीय चर्चला 'फोल्केकिर्के' म्हणतात, लोकांचं चर्च. 1849 च्या राज्यघटनेने त्याला सरकारी आधार दिला. सदस्य असाल तर आयकराबरोबर चर्चचा करही कापला जातो. सदस्य नसाल तर नाही. गंमत अशी, की चर्चशी काहीही देणंघेणं नसलेल्या माणसाचाही त्याच्याशी संबंध येतो. देशाच्या बहुतेक भागात जन्ममृत्यूची नोंद चर्चच्या कचेरीत होते. ओळखीच्या एका मराठी जोडप्याला मुलीचं नाव सहा महिन्यांच्या आत कळवा असं पत्र आलं, तेव्हा ते चर्चच्या नोंदणी कचेरीचं होतं. "आपण बारसं केलं ते चालत नाही का?" असं त्यांच्या आईने पुण्याहून विचारलं होतं म्हणे. बहुतेक स्मशानंही चर्चच्या स्थानिक मंडळाकडे असतात. कोपनहेगन हा अपवाद. इथली मोठी स्मशानं महापालिका सांभाळते.

आम्ही परत चेरीच्या रस्त्याला लागलो आणि मावशीने तो प्रश्न विचारला, जो इथे येणारा प्रत्येक भारतीय विचारतो. "एवढी जागा! आणि ही कायमची अडकली?"

नाही. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. डेन्मार्कमध्ये कबर विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. शवपेटीसाठी साधारण किमान 20 वर्षं, अस्थिकलशासाठी 10. या काळाला 'शांततेची मुदत' म्हणावं असा शब्द आहे. तेवढ्या वर्षांत त्या जागेला कुणी हात लावायचा नाही. मुदत मनाला येईल तशी ठरलेली नाही. पेटी आणि देह मातीत मिसळायला किती वेळ लागतो यावर ती बेतलेली आहे. चिकणमातीत हवापाणी कमी खेळतं, तिथे जास्त वर्षं लागतात, म्हणून तिथे मुदतही मोठी. कलशात नुसती राख, म्हणून दहाच.

मुदत संपली की कचेरी कुटुंबाला विचारते, नूतनीकरण करायचंय का? पैसे भरले की पुढची वर्षं मिळतात. नाही भरले, किंवा विचारायला कुणी उरलंच नाही, तर कबर मोडतात. दगड उचलतात, कुंपण काढतात, आणि पुढे ती जागा दुसऱ्याला देतात किंवा तिथे गवत लावतात. खणताना जुनी हाडं लागलीच तर ती तिथेच अधिक खोल पुरतात. दगडाचं काय? कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा असेल तर नोंद करून जपतात. बाकीचे बहुधा फोडून खडी करतात.

"खडी?" मावशी थांबलीच.

ऐकायला कठोर आहे खरं. पण हे अगदीच परकं नाही. गोव्यात, वसईत, वांद्र्याला ख्रिस्ती कुटुंबांना विचारा. तिथेही जागा अपुरी असल्याने बहुतेकांची कबर काही वर्षांनी उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. तिथे मुदत कितीतरी कमी असते. फरक एवढाच, की इथे ही गोष्ट पहिल्या दिवशी कागदावर लिहून देतात. मुसलमान कुटुंबांना मात्र हे पटणं अवघड जातं, कारण त्यांच्या रीतीप्रमाणे कबर उकरायची नसते. बिस्पेबियर्गमध्ये मुसलमानांसाठी वेगळा भाग आहे, आणि 2006 साली शहराच्या पश्चिमेला ब्रोन्डबी इथे त्यांचं स्वतःचं स्मशान सुरू झालं.

दुसरी गोष्ट दहनाची. आपल्याला वाटतं ख्रिस्ती म्हणजे दफन. डेन्मार्कमध्ये आज शंभरातल्या ऐंशीहून अधिक लोकांचं दहन होतं. कायद्याने दहनाला परवानगी मिळाली ती 1892 साली. शवदाहिनीच्या धुरात दातांच्या चांदीतला पारा असतो, तो गाळून घ्यायचा तर धूर आधी थंड करावा लागतो. थंड करताना निघालेली उष्णता काही ठिकाणी शहराच्या गरम पाण्याच्या जाळ्यात सोडतात. हे मावशीला सांगावं की नाही, या विचारात मी होते. सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वाया तरी नाही गेली."

कलशाला जागा लागते ती हातभर. म्हणून जुन्या स्मशानांत मोकळ्या जमिनी वाढत चालल्या आहेत आणि त्यांची हळूहळू बाग होते आहे. शिवाय 'अनामिकांची हिरवळ' असते. मोकळं गवत, त्याखाली कलश, वर दगड नाही. नेमकी जागा कुटुंबालाही सांगत नाहीत. फुलं वाहायला एक सामायिक कट्टा असतो, तिथे ठेवायची. पुष्कळ लोक हे स्वतःहून निवडतात, मुलांवर दगडाची देखभाल आणि मुदतीचे पैसे पडू नयेत म्हणून.

आपल्यातलं कुणी गेलं तर? राख घरात ठेवता येत नाही. पण त्या व्यक्तीने हयातीत तसं लिहून ठेवलं असेल तर खुल्या समुद्रात सोडता येते. नदीत किंवा तळ्यात नाही. नाहीतर कागदपत्रं करून कलश नाशिकला नेतात.

आता बागेबद्दल, कारण हे बागेसारखं दिसतं ते आपोआप नाही. हजारो कबरी एका नजरेत आल्या तर माणूस दडपून जातो. त्यावरचा डॅनिश उपाय म्हणजे कुंपण. यातला मोठा माणूस म्हणजे बागा आखणारा वास्तुकार गुडमुंड नायलॅंड ब्रांट. त्याने शहराच्या उत्तरेला गेन्टोफ्तेमध्ये मारियेबियर्ग हे स्मशान आखलं, ते 1930 च्या दशकातलं. सरळ रस्त्यांची चौकट घालून प्रत्येक चौकोनाभोवती त्याने उंच, छाटलेल्या झुडपांच्या भिंती उभ्या केल्या. म्हणजे स्मशानाच्या खोल्या झाल्या. एका खोलीत दाट झाडी, दुसरीत नुसतं गवत, तिसरीत दगडांच्या नेमक्या ओळी. आपण एका वेळी एकाच खोलीत असतो, शेजारच्या खोलीतलं रडणं दिसत नाही. आणि एखादी खोली रिकामी झाली तर तेवढीच बदलता येते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. भाड्याच्या कबरीला अशीच आखणी हवी.

बिस्पेबियर्गमध्येही प्रत्येक कबरीला स्वतःचं गुडघाभर कुंपण असतं. आत हातरुमालाएवढी बाग, बारीक खडी आणि खडीवर दाताळ्याने ओढलेल्या सरळ रेषा. कुणाचंही पाऊल पडलं तर लगेच कळावं इतक्या नेटक्या. नोव्हेंबरात आलात तर आणखी एक कसब दिसतं. माळी थंडीसाठी कबरी झाकतात, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्यांनी. गडद हिरव्याच्या शेजारी निळसर, मध्ये शेवाळाची नक्षी, कोपऱ्यात सुकी फळं. मूळ हेतू रोपांना हिमापासून वाचवण्याचा. आता ती आपली रांगोळीच झाली आहे, फक्त चार महिने टिकणारी.

दगडांवर फार काही लिहिलेलं नसतं. जुन्या दगडांवर माणसाचा धंदा असतो, शेतकरी, वाणी, सुतार. नव्यांवर नाव, दोन तारखा, कधी काशाची चिमुकली चिमणी, आणि खाली तीन शब्द, 'टाक फॉर आल्ट'. सगळ्याबद्दल आभार. हे इतक्या दगडांवर आहे की मावशीला दुपारपर्यंत वाचता यायला लागलं. कोणी कोणाचे आभार मानतंय, गेलेला की राहिलेला, असं तिने विचारलं. व्याकरणातून ते कळत नाही.

डबा आम्ही शेवटी चेरीच्या रस्त्याबाहेरच्या बाकावर उघडला. ती आत खायला तयार नव्हती. तुम्ही येणार असाल तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात या, सकाळी लवकर या. बहराच्या आठवड्यात फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवा.

निघताना एका कबरीवर छोटी पाटी खोचलेली दिसली. 'नातेवाइकांनी कृपया कचेरीशी संपर्क साधावा.' मी मावशीला अर्थ सांगितला. मुदत संपली आहे, विचारणा चालू आहे. दगडावर एका बाईचं नाव होतं, जन्म 1912 चा. मावशीने पाटी पाहिली, मग तिच्यापुढची कुंडी पाहिली. पॅन्सीची फुलं, जांभळी आणि पिवळी, माती अजून ओली.

"ही कोणी ठेवली मग?"

मी इकडेतिकडे पाहिलं. झारीवाले आजोबा नळाकडे परत चालले होते, पण ते त्याच ओळीतून आले होते की पलीकडच्या, ते सांगता येत नव्हतं. मावशी जरा वेळ उभी राहिली. मग तिने फोन काढला आणि दिवसभरात पहिल्यांदाच फुलांऐवजी एका दगडाचा फोटो घेतला. घरी पोचल्यावर चहाच्या आधी आंघोळ मात्र केलीच.